बेलम गुहा : गारव्याच्या आशेने जाऊ नका

गुहा म्हणजे गारवा, या समजुतीने आम्ही ऐन मे महिन्यात आंध्र प्रदेशातील बेलमला गेलो आणि पुरते फसलो. तेथे दिवे आहेत, पायवाट आहे, आजीआजोबासुद्धा सहज पाहून येतात, असे ज्यांनी सांगितले त्यांनी आतल्या दमट उकाड्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील ताडिपत्रीपासून गुहा सुमारे तीस किलोमीटरवर आहे. डोंगर शोधू नका. सपाट शेतजमिनीत विहिरीसारखा खड्डा आहे आणि त्यातूनच जिना उतरतो. ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये नोंदवलेल्या आणि १९८० च्या दशकात जर्मन पथकाने मोजलेल्या या ३,२२९ मीटर लांबीच्या चुनखडीच्या गुहेपैकी साधारण दीड किलोमीटर भाग पाहता येतो.

पहिली दालने ऐसपैस आहेत, तेथे काहीच त्रास नाही. खरी परीक्षा पाताळगंगा या भूमिगत प्रवाहाच्या वाटेवर होते. गुहेचे हे सर्वांत खोल ठिकाण जमिनीखाली ४६ मीटरवर आहे. वाट अरुंद होत जाते, ओल्या पायऱ्यांवरून बूट सरकतात आणि जितके खाली जावे तितकी हवा जड होते. बाहेरून हवा आत सोडण्याची सोय केलेली आहे, तिच्या झोतापाशी थांबून दम घ्या आणि मगच पुढे जा. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी येथूनच परतावे, त्यात कमीपणा मानू नये. वर्षानुवर्षे सह्याद्रीत चढउतार करणारा मी चिंब भिजून, धापा टाकतच खाली पोचलो. पण खडकातून येऊन खडकातच नाहीसा होणारा तो प्रवाह समोर दिसताच उकाड्याचा विसर पडला. एवढ्यासाठी पुन्हा जाईन, मात्र डिसेंबरात आणि गुहा उघडण्याच्या वेळी.

सप्तस्वर दालनातील लवणस्तंभ ठोकून सूर काढण्याचा मोह कृपया आवरा. थेंबाथेंबातल्या चुन्याने हजारो वर्षांत घडलेली ती वस्तू एका ठोक्याने तुटू शकते, आणि तुटलेली टोके आम्ही पाहिली.

रिक्षाचे जाण्यायेण्याचे नऊशे रुपये ताडिपत्रीत ठरले होते, तरी परतताना थांबण्याचे म्हणून आणखी सहाशे मागितले गेले आणि भर उन्हात दुसरे वाहन नसल्याने ते द्यावे लागले. म्हणून निघण्यापूर्वीच किमान तीन तास थांबण्यासह एकच रक्कम ठरवा, कागदावर लिहून घ्या आणि सगळे पैसे परत आल्यावरच द्या.