काकांची फाइल

माझ्या थोरल्या काकांना जन्मठेप झाली ती बांधाच्या भांडणातल्या खुनासाठी. अशा गुन्ह्यात प्रत्यक्ष १४ वर्षं भरल्याशिवाय मुदतपूर्व सुटका होत नाही. शिक्षेत मिळालेली माफी, म्हणजे सूट, त्यात धरत नाहीत. ही वर्षं भरली तेव्हा काका पंचाहत्तरीला टेकले होते. पार्किन्सनमुळे घासही हातात राहत नव्हता.

सुटकेचा प्रस्ताव कारागृहातूनच जातो. मग पोलिसांचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, शेवटी गृहविभाग. मुदतपूर्व सुटकेच्या धोरणात बसणाऱ्या कैद्याच्या अर्जाची वाट सरकारनं बघू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलंय. तरी आम्ही हेलपाटे घातलेच. पोलीस अहवालात ठरलेलं वाक्य आलं: ‘सुटका झाल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता.’ चमच्यानं भरवावं लागणाऱ्या माणसाबद्दल! मयताच्या मुलाचा जबाब मात्र खरा होता. “माझा बाप म्हातारा व्हायला राहिलाच नाही,” म्हणाला. त्याला उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

वकिलांनी मुदतपूर्व सुटकेबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मण नस्कर निकालातला (२०००) एक निकष धरून ठेवला: या कैद्याला आत ठेवून आता काही साध्य होतंय का? बराकीत काकांना संडासला नेणं, अंघोळ घालणं एक तरुण कैदी करायचा. त्याच्या शिक्षेत हे कुठं लिहिलं होतं? दवाखान्याच्या तारखेला पोलीस गार्ड लागतो. गावात मिरवणूक निघाली की गार्ड बंदोबस्ताला, आणि तारीख हुकली. पोलिसांचा दिवस, गाडी, डिझेल, औषधं यांचा हिशेब मी फाइलभर शोधला. गुन्ह्याची पानंच पानं, खर्चाचा आकडा एकही नाही. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) तुरुंग आकडेवारीतही वयाचा शेवटचा रकाना ‘५० आणि पुढे’. एक्कावन्नचा धडधाकट आणि ऐंशीचा अंथरुणाला खिळलेला, दोघं एकाच रकान्यात. म्हातारे कैदी किती हेच मोजलेलं नाही, तर त्यांच्यावर काय खर्च होतो हे कोण सांगणार?

आदेश आला, जातमुचलका दिला, काका घरी आले. सरकारचा खर्च वाचला. तो आता डायपर, गोळ्या आणि वहिनीची बुडालेली मजुरी असा आमच्याकडे आलाय. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळावेत म्हणून गेलो, तर रेशनकार्डावरून काकांचं नाव कधीच कमी झालेलं. ते परत चढवायचं चाललंय. तलाठ्याचा अहवाल झालाय, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बाकी आहे.