गुहागरला, काहीही न करायला

आराम करायला जायचं असेल तर नेहमीच्या ट्रिपपेक्षा जास्त प्लॅनिंग करावं लागतं हे माझं ठाम मत आहे आणि घरात ते कुणालाच पटत नाही. नवऱ्याचं म्हणणं, आराम करायचाय ना, मग बॅग उचलायची आणि निघायचं, त्यात प्लॅन कसला. आणि हाच माणूस नंतर गाडीत बसल्या बसल्या मोबाईल काढून इथून बारा किलोमीटरवर एक धबधबा आहे, जाता जाता होईल, असं सुरू करतो. मग जाता जाता तीन देवळं, एक किल्ला आणि कुठलं तरी फेमस मिसळवालं दुकान होतं, आणि घरी येऊन सोमवारी ऑफिसला जाताना माणूस गेला होता त्याहून दमलेला.

यावेळी म्हटलं तारीख, ठिकाण, सगळं मी ठरवणार. मला काय हवं होतं तर चार दिवस कुणीही मला काही विचारायचं नाही. भाजी कुठली करायची, आईंची बीपीची गोळी कुठे ठेवलीय, गॅसवाला आला तर किती द्यायचे, काही म्हणजे काहीच नाही. बायकांच्या बाबतीत आराम म्हणजे गादी-उशी कमी आणि हे प्रश्न बंद होणं जास्त असतं, कुठल्याही बाईला विचारा.

त्यामुळे रिसॉर्ट पहिल्याच फटक्यात बाद. तिथे सकाळी साडेसातला नाश्त्याच्या बुफेसाठी आंघोळ करून रांगेत, मग रेन डान्स, संध्याकाळी डीजे, आणि प्रत्येक जेवणाला पंचवीस पदार्थांमधून निवड करा. महाबळेश्वर पण बाद, कारण तिथे गेलं की पॉइंट बघावेच लागतात, हॉटेलात बसलं तर लोक तब्येत बरी नाही का विचारतात. राहिलं कोकण, आणि कोकणात गुहागर, कारण आईंचं म्हणजे सासूबाईंचं कुलदैवत व्याडेश्वर, त्या कधीपासून म्हणत होत्या एकदा जाऊन येऊ, आणि दुसरं म्हणजे या गावाची रचनाच अशी आहे की कुठे जायला लागत नाही. समुद्राला धरून एक लांबच लांब रस्ता, वरचा पाट आणि खालचा पाट असे गावाचे दोन भाग, रस्त्याच्या कडेला घरं, घरामागे नारळ-पोफळीची आगरं, आगर संपलं की सुरूची झाडं आणि मग सरळ वाळू. मागच्या दाराने चप्पल न घालता समुद्रावर. देऊळ पण गावाच्या मध्यावरच.

आता तारीख. इथे मी जरा जास्तच डोकं लावलं आणि मला त्याचा अभिमान आहे. मे महिना नको, घाम आणि गर्दी. ख्रिसमसचा आठवडा नको, सव्वीस जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड तर अजिबातच नको. शिमग्याला कोकणात जावं तर पालख्या बघायला जावं, मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले असतात, ढोल वाजत असतात, मजा असते पण ती वेगळी, तिथे झोपायला जायचं नसतं. माघात गणेश जयंतीला जवळच्या हेदवीच्या गणपतीला गर्दी आणि महाशिवरात्रीला व्याडेश्वराला. या दोन्हीच्या मधे माघी पौर्णिमा येते, तिच्या आसपासचे सोमवार ते शुक्रवार हे माझे दिवस. हवा छान असते, पहाटे चक्क शाल लागते, आंब्याला मोहोर असतो, आणि आठवड्याच्या मधले दिवस म्हणून किनारा अर्धा रिकामा.

पौर्णिमा का, तर भरती-ओहोटीसाठी. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना हे तोंडपाठ असतं, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, आली ती साधारण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे सव्वाअकरा. हे ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण हिशोब असा की पौर्णिमेच्या आसपास गेलं तर दुपारी बाराच्या दरम्यान पाणी चढलेलं असतं, तेव्हा तुम्ही तसेही जेवून झोपणार, आणि संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी, वाळू लांबवर उघडी आणि ओली घट्ट, चालायला एकदम बेस्ट, आईंना पण काठी घेऊन चालता येतं. अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी पाणी अगदी वरपर्यंत आणि चालायला ती भुसभुशीत वाळू, पाय दुखतात. अमावास्येला पण पौर्णिमेसारखाच हिशोब पण मग चांदणं नाही. फक्त ओहोटीला पाण्यात लांब जायचं नाही, पाणी आत ओढतं, हे तिथला प्रत्येक माणूस सांगतो आणि आपण ते ऐकायचं असतं.

राहायची सोय घरगुती बघितली. बुकिंग करायच्या आधी मी त्या काकूंना फोनवर इतके प्रश्न विचारले की नवरा लाजून दुसऱ्या खोलीत गेला. पण हे विचारावंच लागतं. संडास कमोडचा आहे का आणि खोलीला जोडून आहे का, कारण आईंना रात्री उठावं लागतं. पलंग आहे की खाली गाद्या. पायऱ्या किती. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. त्याच दिवसांत पंचवीस जणांचा ग्रुप येणार नाही ना. शेजारी हॉल नाही ना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेवण तुम्ही जे करता तेच आम्हाला चालेल, मेनू आम्हाला विचारायचा नाही. यावर काकू फोनवरच हसल्या, म्हणाल्या, "अगो, हे बरंच झालं, माझं पण डोकं वाचलं."

गाडी न्यायची नाही हे मी ठरवलेलं आणि यावरून घरात खरं भांडण झालं. माझा मुद्दा साधा होता, गाडी असली की ती काढावीशी वाटते. शिवाय मुंबई-गोवा हायवेवर नवरा चालवणार म्हणजे तो पोचल्या पोचल्या एक दिवस पाठ धरून झोपणार. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 च्या आधी एकशेवीस दिवस होते, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवून सकाळी आठच्या ठोक्याला बसले. मांडवी एक्स्प्रेस घेतली. जनशताब्दी भल्या पहाटे असते, त्यासाठी तीनला उठायचं म्हणजे आरामाला सुरुवातच जागरणाने. मांडवी ठाण्याला सकाळी नीट उजाडल्यावर मिळते आणि दुपारच्या जेवणापर्यंत चिपळूण येतं, खायला तर त्या गाडीत काही ना काही येतच राहतं, कटलेट म्हणू नका ऑम्लेट म्हणू नका, आईंनी उपासाचं काही आहे का विचारलं तर विकणाऱ्याकडे साबुदाणा वडा पण होता. रोह्याच्या पुढे खरी कोकण रेल्वे सुरू होते, मग बोगदे, खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा तर चार किलोमीटरहून जास्त आहे, तिथे नेटवर्क जातं आणि डब्यातले सगळे नाइलाजाने एकमेकांशी बोलायला लागतात.

चिपळूण ते गुहागर साधारण पंचेचाळीस किलोमीटर. एसटी आहेत पण स्टँड स्टेशनपासून लांब, सामान आणि आई, म्हणून काकूंनाच सांगून गाडी मागवलेली. मार्गताम्हाने, शृंगारतळी, मग गुहागर. शृंगारतळीला मेडिकलवाले वगैरे सगळं आहे, औषधं राहिली असतील तर तिथेच घ्या.

पहिला दिवस कसातरीच गेला हे सांगते. आराम सुरू करायला वेळ लागतो. जेवलो, आडवे झालो, अर्ध्या तासात नवरा उठून अंगणात फेऱ्या मारायला लागला आणि मी ऑफिसचा ग्रुप बघत बसले. नेट तिथे बऱ्यापैकी येतं ही तशी वाईटच गोष्ट. संध्याकाळी मोबाईल बॅगेत टाकला, फक्त मुलाचा हॉस्टेलवरून फोन आला तर कळावं म्हणून आईंचा बटणांचा फोन चालू ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मात्र जी झोप लागली ती नुसती रात्रीची नाही, सकाळच्या न्याहारीनंतरची, दुपारची, झोपाळ्यावर बसल्या बसल्याची. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, मतलई वारा, शाळेत भूगोलात पाठ केलेला, तो इथे खिडकीतून कळतो, आगरातून मोहोराचा वास घेऊन येतो आणि दुपारी उलटा, समुद्राकडून खारा.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. सकाळी कधी घावन आणि ओल्या नारळाची चटणी, कधी मऊ भात मेतकूट आणि वर तूप, सोबत पोह्याचा पापड. मऊ भात खाऊन माणूस काही धावपळीचं करूच शकत नाही, तो पदार्थच तसा आहे. दुपारी केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं, एकदा कोवळ्या फणसाची भाजी, ती पण सीझनची पहिली म्हणून काकूंनी दाखवायला आणली होती, आणि सोलकढी. रात्री कुळथाचं पिठलं आणि भात, बस. मोदक मात्र आदल्या दिवशी सांगावे लागतात आणि किती खाणार ते पण सांगावं लागतं, इथे नवऱ्याने मान वर न करता अकरा म्हणून सांगितलं. मासे खाणाऱ्यांनी बुकिंग करताना आधी विचारून घ्या, बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी असतं.

आम्ही राहिलो तिथे अंगणात सुपारी वाळत घातलेली होती. आईंनी दुसऱ्याच दिवशी काकूंकडून अडकित्ता मागून घेतला आणि काकूंच्या सासूबाईंबरोबर सोललेली सुपारी कातरत बसल्या. मी म्हटलं आई आराम करा, तर म्हणाल्या, "मग हे काय करत्ये?" दोघी मिळून गुहागर, चिपळूण आणि सांगलीच्या समस्त नातेवाईकांची झाडाझडती घेत होत्या, माझा त्यात काहीच रोल नव्हता, मी झोपाळ्यावर.

व्याडेश्वराला सकाळी लवकर चालत गेलो. शिवपंचायतन आहे, मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना गणपती, सूर्य, विष्णू, देवी यांची लहान देवळं. अभिषेक सांगायचा तर आदल्या दिवशी जाऊन बोलून ठेवा म्हणजे वाट बघावी लागत नाही. गर्दी नव्हती, आईंना हवं तितका वेळ बसता आलं. वरच्या पाटाला दुर्गादेवीचं देऊळ आहे, तिथे आई रिक्षाने आणि आम्ही चालत.

नवऱ्याची एक्सेल शीट होती, अर्थातच होती. गोपाळगड, अंजनवेलचं दीपगृह, वेळणेश्वर, हेदवी, धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ आणि तिथली चंडिका, शिवाय तवसाळहून जयगडला उतरलं की गणपतीपुळे काय जवळच. मी त्यातलं एक निवड म्हटलं. बरीच घासाघीस होऊन हेदवी ठरलं, आणि ते पण पौर्णिमेच्या दिवशी दुपारी, कारण बामणघळ बघायची तर भरतीलाच. खडकाला उभी अरुंद भेग आहे, भरतीचं पाणी त्यात आत घुसतं आणि दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून उसळून वर येतं. ओहोटीला गेलात तर नुसती एक कोरडी फट दिसेल आणि यासाठी आलो का असं वाटेल. आमच्या वेळी पाणी चांगलं चढलं होतं, उधाणाचं, आवाज आधी ऐकू यायचा. खडक निसरडे आहेत, कडेला जाऊन सेल्फी काढू नका हो प्लीज, दोन पोरं आमच्यासमोर तेच करत होती आणि एका गावकऱ्याने त्यांना अशी काही शिवी हासडली की ती निमूट मागे आली. टेकडीवर दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही परत. वेळणेश्वर वाटेवरच होतं आणि तरीही थांबलो नाही, याचं श्रेय मला मिळायला हवं.

दीपगृह आणि गोपाळगड त्याने एका संध्याकाळी रिक्षा करून एकट्याने उरकला. मला हे फार आवडलं. सुट्टी एकत्र घेतली म्हणून प्रत्येक ठिकाणी तिघांनी एकमेकांना चिकटून फिरायचं असा काही नियम नाही, तो किल्ल्यावर खुश, आई सुपारीत खुश, मी ओल्या वाळूवर लांबवर चालत गेले आणि परत फिरायची वेळ कुणी सांगायला नव्हतं.

परतीचं तिकीट शुक्रवारचं काढलं होतं, रविवारचं नाही, हे पण मुद्दाम. शनिवारी कपडे, भाज्या, दूधवाल्याचा हिशोब, रविवारी पुन्हा झोप, मग सोमवारी ऑफिस. येताना आमसुलं आणि मिरगुंडं घेतली, काकूंकडूनच.

कुणाला जायचं असेल तर पावसाळ्यात हा बेत करू नका, समुद्र खवळलेला असतो, पाण्यात पाय घालायची सोय नाही आणि कोकण रेल्वेचं टाइमटेबल पण पावसाळ्याचं वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. दिवाळीची सुट्टी संपली की कार्तिक-मार्गशीर्षातली अमावास्या-पौर्णिमा बघा, घरं रिकामी असतात. आणि फोनवर प्रश्न विचारायला लाजू नका, पायऱ्यांचा तर नक्की विचारा.