होनोलुलूत युनियनचं सुतारकाम: ताशी दर ऐकून तिकीट काढू नका

हा मजकूर आधीच युनियनमध्ये असलेल्या, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हातात असलेल्या जर्नीमन (म्हणजे शिकाऊपण पूर्ण केलेल्या) सुतारांसाठी आहे. हत्यारं कशी धरायची आणि दिवसभर उन्हात कसं उभं राहायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे.

होनोलुलूचा जो ताशी दर मेनलँडवर तोंडोतोंडी फिरतो, तो बहुतेक वेळा पूर्ण पॅकेजचा असतो. पेन्शन, आरोग्य विमा, सुट्टीचा फंड, प्रशिक्षण फंड सगळं त्यात धरलेलं. पगाराच्या चेकवर दिसतो तो मूळ दर. ओव्हरटाइमची दीडपटसुद्धा मूळ दरावर बसते, फ्रिंजवर, म्हणजे या फंडांच्या रकमेवर, नाही. हवाई राज्याचा कामगार विभाग सरकारी कामांच्या दरांचं पत्रक काढतो. त्यात मूळ दर आणि फ्रिंज वेगवेगळ्या रकान्यांत छापलेले असतात. ते उघडा, मूळ दर घ्या, आठवड्याला 40 तास धरा आणि मगच भाड्याचा हिशेब मांडा. बरेच जण हा हिशेब इथे उतरल्यावर करतात आणि तिथेच फसतात.

सुतारांच्या युनियनची इथली शाखा, म्हणजे लोकल, 745. कचेरी होनोलुलूतल्या कालिही भागात. निघण्याआधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: सदस्यत्वाची ट्रान्सफर हवी की तात्पुरत्या परमिटवर काम करता येईल, बेकारांच्या यादीत नाव लावायला प्रत्यक्ष हजर राहावं लागतं का, आणि ते नाव किती दिवसांनी पुन्हा नोंदवायचं. यादीतलं नाव मुदतीत नोंदवलं नाही तर गळतं, आणि पुन्हा तळापासून सुरुवात. स्वतःच्या लोकलचे ड्यूज (वर्गणी) थकलेले असतील तर बदलीचा क्लिअरन्स अडकतो, ते आधी भरून टाका. हवाई घड्याळ पुढेमागे करत नाही. कॅलिफोर्नियापेक्षा ते हिवाळ्यात दोन तास मागे असतं, उन्हाळ्यात तीन. सकाळी आठला लॉस एंजेलिसमधून फोन लावलात तर तिकडे कचेरी बंदच असणार.

माझं स्पष्ट मत: कंत्राटदाराने नावानिशी मागणी केलेली नसेल तर तीन महिने बसून खाण्याइतके पैसे जवळ ठेवूनच या. काम चालू आहे आणि तुम्हाला काम मिळालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता घर, कारण सगळी लूट इथेच होते. नवखा माणूस आधी महिना-दोन महिन्यांसाठी सामानसुमानासह जागा घेतो, म्हणजे मग निवांत शोधता येईल. पण 180 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या पाहुणी-भाड्यावर हॉटेलसारखाच कर लागतो: 2026 पासून राज्याचा 11 टक्के, ओआहूचा (होनोलुलू ज्या बेटावर आहे त्याचा) 3 टक्के, वर साडेचार टक्क्यांच्या आसपास जनरल एक्साइज टॅक्स, म्हणजे विक्रीकरासारखा राज्याचा कर. जाहिरातीत अडीच हजार डॉलर भाडं दिसतं, बिलात त्यावर साडेचारशेच्या वर कर चढतो, आणि साफसफाईचे पैसे आणखी वेगळे. म्हणून जाहिरात बघितली की पहिला प्रश्न हाच: करासकट एकूण किती, लेखी सांगा. वर्षाच्या करारावर हॉटेलवाला कर नाही, एक्साइज तेवढा घरमालक तुमच्यावर टाकू शकतो.

दुसरी लूट अनामतीची. ‘पहिला महिना, शेवटचा महिना आणि डिपॉझिट’ असं कोणी मागितलं तर थेट नाही म्हणा. हवाईच्या कायद्याप्रमाणे करार करताना घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि जास्तीत जास्त एका महिन्याचं डिपॉझिट एवढंच घेऊ शकतो. पाळीव प्राणी असेल तरच त्यासाठी वेगळी रक्कम. घर सोडल्यावर 14 दिवसांत डिपॉझिट परत, किंवा कापलेल्या पैशांचा लेखी हिशेब. किल्ली घेतल्या दिवशीच भिंती, नळ, फ्रिजचं रबर, खिडक्यांच्या जाळ्या यांचे फोटो काढून घरमालकाला मेल करा. खाऱ्या हवेने आधीच गंजलेली बिजागरी तुमच्या नावावर लागायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट पार्किंग. मकिकीसारख्या जुन्या वस्तीत भाडं बरं दिसतं, पण जागेसोबत पार्किंग नसतं आणि संध्याकाळी रस्त्यावर इंचभर जागा उरत नाही. ट्रक ठेवणार असाल तर पार्किंग करारात लिहून घ्या, स्टॉलची रुंदीही मोजा. एसीचं वीजबिल कोण भरणार तेही विचारा. इथली वीज अमेरिकेत सर्वांत महाग वीजेत मोडते.

स्वस्त म्हणून पश्चिमेच्या कापोलेई-एवाकडे गेलात तर एच-वन हायवेवरच्या गर्दीची सकाळ नशिबी येते. वाइआनाए किनारा तर माझ्या दृष्टीने बादच. तिथून शहराकडे यायला फॅरिंग्टन हायवे हा एकच रस्ता आहे, आणि एक अपघात झाला की सगळी पाळी गेली. स्कायलाइन रेल्वे ऑक्टोबर 2025 पासून विमानतळावरून कालिहीतल्या मिडल स्ट्रीटपर्यंत येते. पुढे शहरातल्या काकाआको भागातल्या टॉवरांपर्यंत बसच धरावी लागते. सातच्या पाळीला हे जमतं. काँक्रीट ओतायच्या दिवशी पहाटेच बोलावलं तर नाही जमत. बसमध्ये बॅग मांडीवर किंवा सीटखाली मावली पाहिजे, त्यामुळे चार फुटी लेव्हल घेऊन बस विसरा. कालिही, सॉल्ट लेक, फार तर वाइपाहू: शोध एवढ्यातच ठेवा. किनारे, डोंगर वगैरे सुंदर आहेत, ते आपोआप दिसतील.

हत्यारांबाबत एकच धोरण: हाताची हत्यारं आणा, मशिनं नको. पॉवर टूल्स साधारणपणे कंत्राटदार देतो, आणि जहाजाने आणण्याच्या खर्चात इथे नवीन येतात. पटाश्या, गुण्या, क्लॅम्प, बिट्स या जड, छोट्या वस्तू पोस्टाच्या लार्ज फ्लॅट रेट खोक्यात घाला. 70 पौंडांपर्यंत वजन काहीही असो, दर तोच, आणि हवाईलाही तोच. फ्रेमिंगचा हातोडा त्यात तिरकासुद्धा धड बसत नाही, तो विमानाच्या चेक-इन बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र चेक-इनमध्ये चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या, टोकांवर टेप लावून. 18 व्होल्ट 5 अँपिअर-तासाची बॅटरी 90 वॅट-तासांची, ती बिनदिक्कत जाते. 6 ची 108 होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात. 9 ची 162 भरते, म्हणजे 160 च्या मर्यादेबाहेर, ती काढूनच घेतील.

आरोग्य विम्यात पोकळी पडते, तिकडे लक्ष द्या. नव्या फंडात ठरावीक तास भरेपर्यंत संरक्षण सुरू होत नाही. जुन्या फंडात किती तास शिल्लक आहेत ते विचारून घ्या, आणि रेसिप्रोसिटीचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा, नाहीतर इथे कमावलेले पेन्शनचे तास तुमच्या घरच्या फंडात पोहोचत नाहीत. मध्ये कव्हर तुटलंच तर कोब्रा (स्वतः पैसे भरून जुना विमा चालू ठेवायची सोय) निवडायला 60 दिवस असतात आणि ते मागच्या तारखेपासून लागू होतं.

काम मुख्यतः काँक्रीटचं शटरिंग, मेटल स्टड आणि ड्रायवॉल. लाकूड येतं ते बोरेट मारलेलं, कारण फॉर्मोसन वाळवी साधं लाकूड पोखरून टाकते. कापलेल्या प्रत्येक टोकाला पुन्हा बोरेट लावायचं आणि लाकूड पावसात उघडं ठेवायचं नाही, कारण ते पाण्याने धुपून निघतं. बाहेरच्या कामाला स्टेनलेस किंवा हॉट-डिप गॅल्वनाइज्ड खिळे-स्क्रू. चकचकीत झिंक प्लेटिंगवाले काही महिन्यांत तांबडे ओघळ सोडतात, आणि ते काम पुन्हा तुम्हालाच उघडावं लागतं.

पर्ल हार्बरच्या ड्राय डॉक 5 (जहाजदुरुस्तीची कोरडी गोदी) सारख्या नौदलाच्या कामावर जायचं असेल तर पार्श्वभूमीची तपासणी होऊन तळाचा प्रवेशपास मिळेपर्यंत थांबावं लागतं. रिअल आयडी किंवा पासपोर्ट, ओशाचं (कामावरच्या सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं) कार्ड, युनियनचं प्रशिक्षण कार्ड यांच्या मूळ प्रती सोबतच्या बॅगेत ठेवा, पोस्टाच्या खोक्यात नको.