शंभराला पाव, तेही विचारून

जकात नाका म्हटलं की आजच्या पोरांना पीएमपीचा डेपो आठवतो. शेवाळवाडीला आणि भेकराईनगरला आता बस उभ्या असतात, तिथे पूर्वी ट्रकच्या रांगा लागायच्या. शहरात विकायला येणाऱ्या मालावर महापालिका तिथेच कर घ्यायची. त्या पैशांतून पुण्याचे दिवे लागायचे, कचरा उचलला जायचा, दवाखाने चालायचे.

तपकीर गल्लीतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. मुंबईच्या लोहार चाळीतून माल यायचा. जकात ट्रान्सपोर्टवाला नाक्यावर भरायचा आणि वर आपला सर्व्हिस चार्ज लावून आमच्याकडून वसूल करायचा. मी ती पावती बिलाला टाचून पडतळ काढायचे: खरेदी, भाडं, जकात, हमाली. त्यावर नफा चढला की भाव ठरला. सीलिंग फॅन घेऊन घरी जाणाऱ्या गिऱ्हाइकाने महापालिकेला कर दिलेला असायचा, पण त्याच्या हातातल्या बिलावर त्याचा मागमूस नसायचा. आजही पाकिटावर छापतात, किंमत सर्व करांसहित. झालं, विषय संपला.

2016 च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला होते. तिकडे दुकानातल्या लेबलवर कराशिवायची किंमत असते आणि कर गल्ल्यावर वेगळा लागतो, त्यामुळे पहिले काही दिवस प्रत्येक बिलाला माझ्या कपाळावर आठ्या. कॅलिफोर्नियात राज्यभर तेव्हा किमान साडेसात टक्के होता, आता सव्वासात. त्यातला एक टक्का ज्या गावात विक्री झाली त्या गावाला मिळतो. याखेरीज गावांना आणि काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, आपापला जादा कर लावता येतो, पण त्यासाठी मतदारांचा होकार लागतो. किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं यांतून वगळलेली आहेत, हे मला बरं वाटलं. नाहीतर असा कर गरिबालाच जास्त चावतो.

तर त्या जूनमध्ये सॅन होजेकरांपुढे प्रश्न होता, मेझर बी. विक्रीकरात पाव टक्क्याची वाढ, पंधरा वर्षांसाठी. शंभर डॉलरच्या खरेदीला पंचवीस सेंट. 2008 च्या मंदीनंतर शहराचे पोलीस बरेच कमी झाले होते, रस्त्यांची दुरुस्ती रखडली होती, म्हणून हा घाट. जावयाच्या नावाने टपालाने मतपत्रिका आली आणि सोबत एक पुस्तिका. लेक अजून ग्रीनकार्डावर. म्हणजे कर दोघांना, मत एकाला! यावर जेवणाच्या टेबलावर पुरेशी चेष्टा झाली.

ती पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली. (निवृत्त हिशेबनीस बाईला दुपारी दुसरं काय काम.) मतपत्रिकेवर प्रश्न जास्तीत जास्त 75 शब्दांत बसवावा लागतो. दर किती, दरवर्षी साधारण किती पैसा येईल आणि कर किती वर्षं चालेल, हे आता प्रश्नातच सांगावं लागतं. पुस्तिकेत शहराच्या वकिलाचं तटस्थ विवेचन, मग बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, विरोधकांचं म्हणणं आणि दोघांची एकमेकांना उत्तरं. सरकारी खर्चाने छापलेल्या पुस्तिकेत "हा कर लावू नका" असं कुणी ठणकावून सांगतंय, हे पुणेरी डोळ्यांना नवलाचंच होतं. मेझर बी मंजूर झालं.

पण फार भारावून जायचं कारण नाही. त्यांनाही विचारायची हौस आहे म्हणून विचारत नाहीत. 1978 मध्ये तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन 13 हा राज्यभर मताला टाकलेला प्रस्ताव मंजूर करून घरपट्टीला वेसण घातली. मूल्याच्या एक टक्का एवढीच घरपट्टी, आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही. गावांच्या उत्पन्नाचा मोठा झरा असा आटला. पुढे 1996 च्या प्रपोझिशन 218 ने स्थानिक कर मतदारांच्या हातात आणखी घट्ट दिले. त्यातली मेख मला हिशेबाच्या नजरेतून फार आवडली. शहराच्या परिषदेने, म्हणजे तिथल्या नगरसेवकांनी, मांडलेल्या कराचा पैसा एका ठरावीक कामासाठी बांधून ठेवायचा असेल, तर दोन तृतीयांश मतं लागतात. तो सर्वसाधारण तिजोरीत जाणार असेल, तर निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. त्यामुळे बरीच गावं सर्वसाधारण कर मागतात आणि प्रचारात मात्र पोलीस, अग्निशमन, खड्डे यांची नावं घेतात. पैसा तिथेच खर्च करायचं कायदेशीर बंधन नसतं. मतदाराने पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवायचं, एवढंच.

तरी बिलावरच्या त्या पाव टक्क्याला जन्मतारीख आहे, मुदत आहे, आणि त्याला नाही म्हणायची एक संधी होती.

आमच्याकडे काय झालं? 1 एप्रिल 2013 ला पुण्यात जकात गेली आणि एलबीटी आली, स्थानिक संस्था कर. नाके उठले, आता व्यापाऱ्यानेच वहीवरून कर काढून भरायचा. अख्ख्या बाजारपेठेने दुकानं बंद ठेवून विरोध केला, आमचंही शटर खाली होतं. मला स्वतःला एलबीटी जकातीपेक्षा सरळ वाटायची, पण घरात हे बोलायची सोय नव्हती. ऑगस्ट 2015 मध्ये राज्य सरकारने 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला ती माफ केली. गल्लीत पेढे वाटले. जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उरलीसुरली एलबीटीही गेली.

पेढे खाताना कुणी विचारलं नाही की हा पैसा आता महापालिकेला देणार कोण. राज्य सरकार देतं. 2016-17 चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढीने नुकसानभरपाई, असा 2017 चा कायदा आहे. त्याशिवाय घराच्या खरेदीखतावर एक टक्का जादा मुद्रांक शुल्क, तेही एलबीटीच्याच नावाने चिकटलेलं. पैसा येतो, नाही असं नाही. पण तो मुंबईहून येतो. पुण्याची बाजारपेठ वाढली काय किंवा बसली काय, महापालिकेच्या त्या आकड्याला त्याचं सोयरसुतक नाही. आपण खरेदी करतो आणि त्यातून आपला रस्ता होतो, हा धागा तुटला तो तुटलाच.

कायद्याने आपल्याकडे महापालिकेची सभा दरवर्षी 20 फेब्रुवारीपर्यंत करांचे दर ठरवते. म्हणजे आपल्या वतीने नगरसेवकांनी विचारायचं, भांडायचं. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली सगळी वर्षं अंदाजपत्रक प्रशासकाचं. मतदाराला सोडाच, विचारायला मतदाराचा प्रतिनिधीही जागेवर नव्हता.

घरपट्टी तेवढी आपल्या डोळ्यांसमोर उरली आहे, म्हणून सगळा राग तिच्यावर निघतो. स्वतः राहत्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे वातावरण पेटलं, ते जकातीच्या इतक्या वर्षांत कधी पेटलं नव्हतं. 2023 मध्ये सवलत परत आली, त्यासाठी अनेकांना पीटी-3 अर्ज भरायची धावपळ करावी लागली. दिसणारा कर भांडून कमी करून घेतला. न दिसणारा आपण पिढ्यान्‌पिढ्या निमूट भरत होतो.

माझे दीर म्हणतात, पुणेकरांना मतपत्रिका दिली तर कुठलाही कर पास होणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक खड्ड्यांचे फोटो टाकतील. शक्य आहे. सॅन होजेतही विरोधात मतं पडलीच की. पण नाही म्हणायलासुद्धा आधी वाचावं लागतं, पाव टक्क्यात किती येतं आणि कशाला पुरतं. आमच्या गल्लीत या विषयावर बोलताना निदान आकडा तरी तोंडात आला असता.

तूर्त आपल्याकडे विचारण्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक. पुण्यात ते 2006-07 पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, आपल्या भागातलं पाच लाखांच्या आतलं काम सुचवायचं. बाक, पेव्हर ब्लॉक, दिवे असलं काहीबाही. कर किती घ्यायचा हे तिथे कुणी विचारत नाही, घेतलेल्यातला एक चिमूटभर कुठे टाकायचा एवढंच. मी दिव्यांसाठी अर्ज दिला आहे. दिरांनी त्यावर सही करायला नकार दिला, म्हणाले, तुझ्या सहीने जेवढं होईल तेवढं होऊ दे.