चौदावा मजला

२०२५ च्या सप्टेंबरच्या शेवटी आठ दिवस बँकॉकला ताईकडे राहून आले. देवळं, तरंगता बाजार, रात्रीची खाऊगल्ली हे सगळं झालं, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एका चौकाबद्दल. राचप्रसोंग त्याचं नाव. मी सातारला वकिली करते, त्यामुळे असेल कदाचित, पण तिथून माझा पाय निघेना. आठ दिवसांत तीनदा गेले.

चिटलोम स्टेशनला उतरलं की रुळांच्या खालून, रस्त्याच्या डोक्यावरून स्कायवॉक जातो. एका बाजूला मोठमोठे मॉल. खाली कोपऱ्यावर एरावान, म्हणजे ऐरावत, या नावाचं ब्रह्मदेवाचं देऊळ. १९५६ मध्ये शेजारचं हॉटेल बांधताना अडचणी येत होत्या म्हणून त्याची स्थापना केली. चार तोंडांची सोनेरी मूर्ती, लाकडी हत्ती, उदबत्त्यांचा धूर, आणि झेंडूच्या माळांचा इतका ढीग की दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या मंडईची आठवण यावी. नवस फेडायला आलेले लोक पैसे भरतात, मग मुकुट घातलेल्या बायका त्यांच्या नावाने देवापुढे नाचतात. १७ ऑगस्ट २०१५ ला याच जागी बॉम्ब फुटला आणि २० माणसं गेली. त्या खटल्यातले दोन आरोपी वर्षानुवर्षं तारखांवर तारखा मोजत राहिले. तारखा मोजणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

ताईला थाई वाचता येतं. देवळाच्या पाटीवरचा पहिला शब्द तिने वाचून दाखवला, ‘सान’. म्हणजे देवस्थान. मग म्हणाली, “अगं, कोर्टालाही सानच म्हणतात इथे. सुप्रीम कोर्ट म्हणजे सान दिका.” मूळ शब्द आपलाच, शाला. मला तो फार आवडला. देवाची आणि न्यायाची जागा एकाच नावाने ओळखणाऱ्या लोकांनी न्यायाकडून किती अपेक्षा ठेवली असेल! तुरुंग खात्याचं नाव रात्चथान, म्हणजे राजदंड. न्यायाला शब्द आहे युत्तिथाम. पालीतला युत्ति आणि धम्म, म्हणजे जे योग्य, ज्याचा मेळ बसतो, तो धर्म. आपल्याकडे त्याच युक्तीचा अर्थ डोकं लढवून वाट काढणं असा झाला. बँकॉकमधल्या माणसांशी बोलताना मला वाटत राहिलं की त्यांनाही आता हा शब्द आपल्यासारखाच ऐकू येत असावा.

देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पोलीस जनरल हॉस्पिटल. ताईने स्कायवॉकवर छत्री मिटली आणि वर बोट दाखवलं. “चान सिप्‌-सी,” ती म्हणाली. चौदावा मजला. पाऊस पडत होता, काचांवर ढग उतरले होते. कुठली खिडकी ते खालून कळायला मार्ग नव्हता.

त्या मजल्यावर ज्यांना ठेवलं होतं ते थाकसिन शिनावात्रा २००१ ते २००६ थायलंडचे पंतप्रधान होते. १९ सप्टेंबर २००६ ला ते संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला असताना मागे लष्कराने सत्ता घेतली. फेब्रुवारी २००८ मध्ये परतले, सुवर्णभूमी विमानतळाबाहेर गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बीजिंगला गेले आणि जमिनीच्या खटल्याचा निकाल लागायच्या आत परदेशातच राहिले. मग पंधरा वर्षं, बहुतेक काळ दुबईत. २२ ऑगस्ट २०२३ ला सकाळी त्यांचं खासगी विमान डॉन मुआंगला उतरलं. राजा-राणीच्या तसबिरीपुढे साष्टांग नमस्कार, बाहेर लाल कपड्यांतल्या समर्थकांची गर्दी, तिथून थेट कोर्ट. गैरहजेरीत लागलेल्या तीन निकालांची मिळून आठ वर्षांची शिक्षा. दुपारी तुरुंग. संध्याकाळी संसदेने त्यांच्याच पक्षाच्या स्रेथा थाविसिन यांना पंतप्रधान निवडलं, आणि तेही ज्यांनी कधी काळी त्यांना हुसकावलं त्या लष्कराच्या बाजूच्या पक्षांची मतं घेऊन. मे महिन्याच्या निवडणुकीत १५१ जागा जिंकून पहिला आलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष बाहेर बसला.

मध्यरात्र उलटल्यावर छातीत जड वाटतं, रक्तदाब वाढलाय, तुरुंगाच्या दवाखान्यात पुरेशी यंत्रं नाहीत असं सांगून त्यांना या इमारतीत आणलं. तुरुंगात जाऊन बारा-तेरा तास झाले होते. दहा दिवसांच्या आत राजाने आठ वर्षांचं एक वर्ष केलं. सहा महिन्यांनी, १८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे, पॅरोल मिळून ते घरी गेले. गळ्याला पट्टा, हात झोळीत. एक रात्रसुद्धा कोठडीत काढली नाही.

लोकांनी त्यांना नाव दिलं, नाकथोत थेवदा. नाकथोत म्हणजे दोषी, कैदी. थेवदा म्हणजे देवता. देवता-कैदी. ताई म्हणाली, इथल्या भाजीवाल्यालाही हा शब्द माहीत आहे.

इथे मला माझंच एक सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी माझा एक अशील कच्चा कैदी होता. पन्नाशीचा, शेतमजूर. छातीत दुखायचं. मी अर्ज दिला, कोर्टाने आदेशही केला की सिव्हिलला नेऊन तपासा. पहिल्या तारखेला उत्तर आलं, गार्ड उपलब्ध नाही. दुसऱ्या तारखेला पुन्हा तेच. त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात पिशवी घेऊन बसायची आणि मला विचारायची, “ताई, आज नेतील का?” नेलं, पण पाचव्या आठवड्यात. तो वाचला, नंतर निर्दोषही सुटला. पण त्या बाईने माझ्यासमोर हात जोडून सांगितलं की आता काही झालं तरी कोर्टाची पायरी नको. शहाण्याने ती चढू नये असं आपण म्हणतोच. तिला ती चढावी लागली होती. राचप्रसोंगच्या पुलावर उभी असताना मला सारखी तीच दिसत होती. आजारी कैद्याला रात्री बारा वाजता दवाखान्यात नेलं याचा मला राग नाही. तसंच न्यायला हवं. प्रत्येकाला न्यायला हवं.

आणि प्रत्येकाला नेत नाहीत हे बँकॉकच्या लोकांनी त्याच महिन्यांत पाहिलं. थाकसिन पॅरोलवर घरी गेले तेव्हा नेतिपॉन नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी कोठडीत उपोषणाला बसलेली होती. लोक तिला बुंग म्हणत. न्यायव्यवस्थेत सुधारणा व्हावी, मतभेदासाठी कुणाला तुरुंगात टाकू नये, असं तिचं म्हणणं. जानेवारी २०२४ मध्ये तिला आत टाकलं, १४ मे ला ती गेली. ताईच्या ऑफिसातल्या एका मुलीने जेवताना मला हे सांगितलं. तिने थाकसिनचं नाव घेतलं नाही. फक्त तारखा सांगितल्या, एकीपुढे एक, आणि भाताची वाटी बाजूला सारली.

त्याच स्कायवॉकवरून पाच-सात मिनिटं चाललं की दोन मॉलच्या मधे वाट पथुमवानाराम लागतं. वाट म्हणजे विहार, पुढचं नाव पद्मवनाराम. १८५७ मध्ये राजा मोंगकुटने बांधलेला विहार. आत गेलं की रस्त्याचा आवाज एकदम खाली बसतो. २०१० च्या एप्रिल-मे मध्ये थाकसिनचे लाल शर्टवाले समर्थक, बहुतेक ईशान्येकडच्या खेड्यांतले, या चौकात तळ ठोकून होते. निवडणुका घ्या एवढीच मागणी. ज्या सरकारने त्यांना ३० बाथमध्ये उपचार आणि गावागावाला दहा लाखांचा निधी दिला होता, ते दुसऱ्यांनी बंदुकीने काढून घेतलं असं त्यांना वाटत होतं. ‘सोंग मात्रथान’, दुहेरी मापदंड, ही त्यांची घोषणा. १९ मे ला सैन्य आत शिरलं. त्या दोन महिन्यांत नव्वदहून जास्त माणसं मेली. या विहारात आसरा घेतलेल्या लोकांपैकी सहा जण गेले. त्यात जखमींना मलमपट्टी करणारी स्वयंसेवक परिचारिका होती. २०१३ मध्ये कोर्टाच्या चौकशीत निष्पन्न झालं की गोळ्या सैनिकांच्या होत्या. तेव्हाचे पंतप्रधान आणि उपपंतप्रधान यांच्यावरचा खटला या कोर्टाचा अधिकार नाही म्हणून फेटाळला गेला. शिक्षा कुणालाच नाही.

मी विहाराच्या ओट्यावर बराच वेळ बसले. त्या सहा जणांसाठी दगड, फलक असं काही मला दिसलं नाही. आवारात एक म्हातारी भिक्षूंना वाढून उरलेला भात मांजरांना घालत होती.

मला वाटलं होतं की चौदाव्या मजल्यावर चिडलेले लोक म्हणजे थाकसिनचे जुने शत्रू असणार. तसं नव्हतं. लाल शर्टवाल्यांचा राग जास्त खोल होता. ज्यांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्याशी हातमिळवणी करून आपला माणूस घरी आला, आणि आपली माणसं आहेत तिथेच राहिली, असं त्यांना वाटतं. दक्षिणेकडच्या मुसलमानांची जखम तर थेट थाकसिनच्याच राजवटीतली. २५ ऑक्टोबर २००४ ला ताक बाई इथे निदर्शकांना पकडून लष्करी ट्रकांत एकावर एक निजवलं. त्या दिवशी एकूण ८५ मेले, त्यातले ७८ गुदमरून. वीस वर्षांनी, २०२४ च्या २५ ऑक्टोबरला, खटल्याची मुदत संपली. एकही आरोपी कोर्टात उभा राहिला नाही. त्या दिवशी पंतप्रधानपदावर थाकसिनची मुलगी पेटोंगटार्न होती.

थाई लोकांत एक बोलणं आहे, तुरुंग असतो तो गरिबांना कोंडायला. मी हे ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांतलं कुणीही आवाज चढवून बोललं नाही. पाऊस येणार असं सांगावं तसं सांगत होते.

जायच्या आदल्या दिवशी मी ताईला म्हटलं, मला तुरुंग बघायचाय. ती आधी नको म्हणाली, मग तीच तयार झाली. ख्लोंग प्रेम मध्यवर्ती कारागृह शहराच्या उत्तरेला न्गाम वोंग वान रस्त्यावर आहे. २०२३ मध्ये ज्या तुरुंगात थाकसिनना काही तास ठेवलं तोही त्याच आवारात. तीन आठवड्यांपूर्वी, ९ सप्टेंबरला, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता की आजार दवाखान्यात राहण्याइतका नव्हता, ते दिवस शिक्षेत धरता येणार नाहीत, पूर्ण एक वर्ष भोगावं लागेल. मेडिकल कौन्सिलने त्याआधीच तीन डॉक्टरांवर कारवाई केली होती. निकालाच्या काही दिवस आधी थाकसिन विमानाने दुबईला गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, गेले आता. पण ८ तारखेला परत आले आणि निकालानंतर आत गेले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी.

वकील म्हणून मला हा निकाल मोठा वाटतो. एका वर्षाच्या शिक्षेतले दिवस मोजण्यासाठी कोर्टाने दवाखान्याचे कागद उघडून बघितले. मी हे ताईला सांगत होते तेव्हा आम्ही फाटकासमोर होतो. नारिंगी जाकिटातले मोटारसायकलवाले, सरबताची गाडी, आणि भेटीला आलेल्या बायका. बायकाच जास्त. प्रत्येकीच्या हातात पारदर्शक पिशवी, त्यात साबण, बनियन, कागदपत्रं.

सावलीला बसलेल्या एका बाईशी ताई बोलायला लागली. उबोनहून रात्रभर बसने आलेली, मुलगा आत आहे, चौथं वर्ष. ताईने तिला मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ‘पी’ म्हणून विचारलं, थाकसिन आता इथेच आहेत, बरं वाटतं का?

बाईने फाटकाकडे बघितलं. “आत गेलेत खरे,” ती म्हणाली. “राहतात का, बघू.”

मग तिचा नंबर पुकारला. ती उठली, पिशवीतले कागद वर काढले आणि रांगेत जाऊन उभी राहिली.