गुरुजींची वही आणि न गळणारं ऑइल

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. खंडेनवमीला पूजलेल्या पान्यांवरचं हळदकुंकू अजून पुसलं गेलं नव्हतं. साताऱ्यात गोडोलीतलं माझं गॅरेज म्हणजे आत दोन गाड्या आणि तिसरी रस्त्याकडेला, एवढाच पसारा. त्या सोमवारी शटर वर करतोय तोवरच परळीच्या गुरुजींची गाडी दारात येऊन थांबली.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. गाडी जुनी डिझेल सिडान. स्वतः फारशी चालवत नाहीत, पुतण्या चालवतो. त्या दिवशी पुतण्या खाली उतरलाच नाही, स्टेरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. बोनेट उघडायला गेलो तर गुरुजींनी हात आडवा घातला.

"मिस्त्री, आज ऑइल टाकायचं नाही. आज निवाडा करायचाय."

पिशवीतून त्यांनी शंभर पानी वही काढली. पट्टीनं आखलेले सहा रकाने. तारीख, वेळ, गाडी थंड की गरम, पातळी कुठल्या रेघेवर, ऑइल किती टाकलं, कुणी टाकलं. जूनपासून पाच वेळा पॉवर स्टेरिंगचं ऑइल टाकलेलं, बेरीज ३०० मिली. गाडीखाली त्यांनी रोज रात्री जुना पेपर अंथरला होता, आणि सकाळी पेपर कोरडा.

"थेंब खाली पडत नाही आणि ऑइल कमी होतं. मग जातं कुठं? रविवारी हा गाडी घेऊन पर्यटक कासला नेतो, ठोसेघरला नेतो. काढून विकतो की काय करतो, तुम्हीच विचारा."

मला हसू फुटलं. म्हटलं, गुरुजी, या ऑइलला भंगारवालासुद्धा विचारणार नाही. पण माझी नजर सहाव्या रकान्यावर गेली आणि हसू तिथंच विरलं. पाचपैकी तीन ओळींत 'मिस्त्री' लिहिलं होतं.

तिन्ही वेळा मला आठवल्या. गर्दीच्या वेळी आले, बोनेट उघडलं, डब्यातली पातळी खाली दिसली, ओतलं, झाकण लावलं, वीस रुपये घेतले आणि 'झालं गुरुजी' म्हणून मोकळा झालो. इंजिन ऑइल चालून चालून थोडंफार जळतं, ते भरावं लागतं, हे ठीक. स्टेरिंगचं ऑइल जळत नाही. पंपातून रॅकमध्ये, म्हणजे चाकं वळवणारा दांडा ज्या नळीत सरकतो तिथं, जातं, रॅकमधून परत डब्यात येतं, बंद घरातल्या बंद घरात फिरतं. ते कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर पडतंय. हे मी हाताखालच्या पोरांना येता-जाता ऐकवतो, आणि स्वतः मात्र तीनदा नुसतं ओतून मोकळा झालो होतो.

वहीत आणखी एक घोळ त्यांनी लाल पेनानं गोल करून ठेवला होता. ऑगस्टमध्ये एका सकाळी पातळी खालच्या रेघेच्या किंचित खाली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी, मध्ये काहीही न टाकता, वर आलेली. पुतण्याविरुद्धचा हा त्यांचा मोठा पुरावा: "चोरलेलं घाबरून परत ओतलं." मी डबा दाखवला. त्यावर दोन खुणा असतात, गाडी थंड असताना बघायची वेगळी आणि तापल्यावर बघायची वेगळी. सकाळी अंगणात उभी असलेली गाडी आणि संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आलेली गाडी, दोन्हींत ऑइल तेवढंच असतं, पण तापलं की फुगतं आणि पातळी वर दिसते. गुरुजींनी ती लाल खूण खोडली. खोडताना पुतण्याकडे बघितलं नाही.

डब्याच्या झाकणावर डेक्सरॉन, म्हणजे कुठल्या प्रकारचं ऑइल टाकायचं ते, कोरलेलं होतं. ते गुरुजींनी वाचलं होतं म्हणून बरं, कारण जुलैत त्यांनी स्वतः ऑइल आणायला पाठवलं तेव्हा दुकानातून ब्रेक ऑइलची बाटली आली होती. झाकण आणि बाटली ताडून बघून त्यांनी ती परत केली. ती ओतली असती तर मग बोलायलाच नको. स्टेरिंगमधली रबरी सीलं खनिज तेलाला धरून बनवलेली असतात, ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. त्यात ती सीलं फुगतात, मऊ पडतात, आणि पंपापासून रॅकपर्यंत सगळंच कामातून जातं. माझ्याकडे अशा गाड्या आल्यात. चकचकीत बाटली हातात घेऊन 'ऑइल ते ऑइल' म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत.

मग मी कामाला लागलो. टॉर्च मारून पंप बघितला, कोरडा. दोन्ही पाइप बोटानं चाचपले, क्लिपांपाशी चिंधी फिरवली, कोरड्या. बेल्ट ठीक. आता पुतण्या खाली उतरला आणि पहिल्यांदा बोलला.

"मिस्त्री, घाटात वळणावर घूंऽऽ असा आवाज येतो. नानांना सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," गुरुजी म्हणाले. एवढंच.

पुढची बाजू जॅकवर उचलून घोड्या लावल्या, पोतं अंथरून खाली सरकलो. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात, हार्मोनियमच्या भात्यासारखे घड्याघड्यांचे. चाकं वळतात तसे एक दबतो, दुसरा पसरतो. त्यांचं काम धूळ-पाणी आत जाऊ न देणं. उजवा बूट दाबला. थोडा जड वाटला. डावा दाबला आणि हात तिथंच थांबला. दुधाची भरलेली पिशवी दाबावी तसं आतलं काहीतरी बोटाखालून सरकलं.

गुरुजींना हाक मारली. पांढरा लेंगा सावरत ते उकिडवे बसले, हात आत घालून त्यांनी बूट दाबला. परत दाबला.

"मिस्त्री, यात आहे."

मापाचा मग खाली धरला, पक्कडीनं बाहेरची क्लिप सोडली, बुटाची कड उचलली. धार लागली. लाल नव्हे, काळपट तांबडी, जळकट वासाची. डाव्यातून २१०, उजव्यातून ५०. रॅकच्या आत ऑइल दाबाखाली असतं, टोकाचं सील कडक होऊन चिरलं की ते दांड्याला धरून झिरपतं आणि थेट बुटात साठतं. बूट फाटलेला असता तर पहिल्याच आठवड्यात पेपरवर डाग पडला असता. गुरुजींनी चांगले बूट बसवून घेतले होते, म्हणून चोरी पाच महिने लपली.

गुरुजींनी वजाबाकी केली. "३०० मधून २६० गेले. ४० कुठं?"

मी माझी बाही दाखवली, पोतं दाखवलं, बुटाच्या घड्या दाखवल्या. त्यांनी गंभीरपणे लिहिलं: '४० – घड्या, पोते व मिस्त्रींची बाही.' मग वही मिटली आणि पुतण्याला म्हणाले, "जा, चहा सांगून ये. तुलाही सांग." चहा आल्यावर त्यांनी पहिला कप त्याच्या हातात दिला.

पुतण्याला मी अगदी सोडलं नाही. कासला पार्किंगमध्ये तो चाक शेवटपर्यंत वळवून तसंच दाबून धरतो, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. टोकाला धरून ठेवलं की पंपाचा दाब कळसाला जातो आणि ऑइल उकळायला लागतं. चार-पाच सेकंदांच्या वर धरू नये. सील वयानंच गेलं होतं, पण या सवयीनं त्याला घाई केली असणार.

रॅक उतरवून कोल्हापूरला सील बदलायला पाठवला. उतरवताना टाय रॉडचे, म्हणजे रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्यांचे, आटे मोजून खडूनं भिंतीवर लिहून ठेवले, नाहीतर परत बसवल्यावर गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट तरीही करावीच लागते, पण गाडी तिथपर्यंत सरळ तरी जावी. शुक्रवारी रॅक आला. नवे बूट, नवं ऑइल. पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, आणि पुतण्या स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवतोय, मी डब्यात थोडं थोडं ओततोय. वीस फेऱ्या झाल्यावर इंजिन चालू केलं. डब्यात सोलकढी दिसायला लागली, गुलाबी आणि फेसाळ. ती हवा. ती निघेपर्यंत गाडी चालवायची नाही, पंप ओरडतो आणि झिजतो. बंद करून ठेवलं, फेस बसू दिला, परत फिरवलं. तिसऱ्या खेपेला डब्याचा तळ दिसेल असं स्वच्छ लाल ऑइल झालं, घूं आवाज गेला. गुरुजींनी उभ्या गाडीत एका हातानं स्टेरिंग फिरवून बघितलं आणि काही न बोलता खाली उतरले.

बिलातून तीन वेळचे साठ रुपये मी वजा केले. गुरुजींनी ते परत लिहायला लावले. "ऑइल खरं टाकलंत ना? मग पैसे घ्या. बघितलं नाहीत, ते वेगळं." आणि 'स्टेरिंग' खोडून वर 'स्टिअरिंग' लिहिलं.

हल्ली बऱ्याच गाड्यांना हा डबाच नसतो, विजेच्या मोटरवर चालतं सगळं. तरी लोक बोनेट उघडून 'स्टेरिंगचं ऑइल बघा' म्हणतात, आणि नसलेला डबा शोधून दाखवता येत नाही म्हणून माझ्यावरच संशय घेतात.

दिवाळीनंतर गुरुजी सर्व्हिसिंगला आले तेव्हा वही होतीच. सहावा रकाना खोडून तिथं 'बूट' लिहिला होता, त्याखाली दर रविवारी 'कोरडा'. शेजारी नवा सातवा रकाना, 'कोणी पाहिले'. त्यात वरपासून खालपर्यंत पुतण्याच्या सह्या होत्या.