शतावरीची शीर आणि आमची वाटचाल

आमच्या धंद्याची खरी सुरुवात परत आलेल्या सहा पोत्यांपासून झाली. बाबा तेव्हा वाळलेल्या जडीबुटीचा व्यापार करायचे, रानातून आणि शेतातून माल यायचा, तो नीट करून पुढे औषधं बनवणाऱ्यांना द्यायचा. एका लॉटमध्ये शतावरीची सहा पोती परत आली, सोबत चिठ्ठी, शीर काढलेली नाही, माल काळपट आहे. बाबांना वाईट वाटलं पण चिठ्ठी खरी होती, आम्ही गडबडीत मुळं न सोलता तशीच वाळवली होती.

शतावरीचा वेल बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, काटेरी वेल असतो, पानं म्हणजे हिरव्या सुयाच वाटतात, पांढरी बारीक सुवासिक फुलं आणि नंतर लाल फळं. औषधात लागतात ती खालची मुळं, एका गड्ड्याला बोटाएवढ्या जाडीच्या मुळ्यांचा घोसच्या घोस, म्हणूनच शतमुळी पण म्हणतात. मुळीवर पातळ साल आणि आत बरोबर मधोमध एक चिवट दोरा, तीच शीर. औषधी गर असतो तो साल आणि शीर यांच्या मधला.

पोती परत आल्यावर आईने ताजी मुळं मागवली आणि मागच्या अंगणात बसून मला एक मुळी सोलून दाखवली. टोकाला नखाने खाच पाडली, साल चिमटीत धरून ओढली तर एका दमात वरपर्यंत निघून आली, मग मुळी उभी चिरली, शीर टोकाशी धरून खेचली की ती अख्खी दोऱ्यासारखी बाहेर. हातात राहिला तो पांढरा, रसाळ, थोडा चिकट गर. मुळी एक-दोन दिवस शिळी झाली की साल घट्ट बसते, मग उकळत्या पाण्यातून काढून घ्यावी लागते, त्यामुळे आमच्याकडे गाडी आली की त्याच दिवशी सोलायला बसायचं हा नियमच झाला. आज आमच्याकडे काम करणाऱ्या मावश्या माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने सोलतात. मशीनचा विचार दोनदा केला पण शीर हातानेच स्वच्छ निघते असं माझं मत आजही आहे. दहा किलो ओली मुळं घेतली की हातात वाळलेला माल दीड किलोच्या आतच येतो, हा हिशोब नवीन माणसाला पटत नाही.

पावडर विकायला लागलो तेव्हा लोक विचारायचे घ्यायची कशी, आम्ही क्षीरपाकच सांगायचो. जुनं प्रमाण सोपं आहे, एक भाग औषध, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, मंद आचेवर पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत ठेवायचं. म्हणजे पाच ग्रॅम पावडर असेल तर चाळीस मिली दूध आणि एकशे साठ मिली पाणी. घाई करून नुसत्या गरम दुधात पावडर ढवळली तर ती चव आणि तो मऊपणा येत नाही. आयुर्वेदात शतावरी गोड-कडू चवीची, थंड, पचायला जड आणि बल देणारी मानतात, म्हणून ती बाळंतिणीला, अशक्तपणात, आम्लपित्तात देत आलेत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. बाळंतिणीचं दूध वाढण्यासाठी शतावरी देण्याची परंपरा आहे, पण दूध येण्याचं पहिलं कारण म्हणजे बाळाने वारंवार अंगावर पिणं, ते सोडून आमच्या पावडरच्या डब्यावर भरवसा ठेवू नका. एका दुकानदाराने लेबलवर शंभर टक्के गॅरंटी छापा म्हणून आग्रह धरला होता, आम्ही नाही छापलं, ऑर्डर गेली तर गेली. आजारांच्या जाहिरातींवर 1954 चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी आम्ही तसं लिहिलं नसतं. उलट आमच्या डब्यावर लिहिलंय की शुगर असेल तर कल्प, म्हणजे साखरेच्या पाकात केलेली रवाळ शतावरी, घेऊ नका कारण त्यात साखर असते, आणि गरोदर असाल, अंगावर सूज असेल, किडनीचा त्रास असेल किंवा हार्मोनची ट्रीटमेंट चालू असेल तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारा.

कल्पाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. काढा गाळायचा, साखर घालून पाक करायचा, पाक बरोबर जागी आला की खाली उतरवून सतत ढवळायचं, ढवळता ढवळता त्याचा एकदम रवा होतो, मग वेलची. क्षणभर आधी उतरवला तर चिकट राहतो, क्षणभर उशिरा तर दगड. पहिल्या पावसाळ्यात हवेतली ओल खाऊन आख्ख्या बॅचचे गोळे झाले, तेव्हापासून पावसाळ्यात कल्प बंद, त्या चार महिन्यांत लायसन्सची कागदपत्रं, रेकॉर्ड, साफसफाई.

मुळं आता शेतकऱ्यांकडून घेतो, लागवडीनंतर दीड-दोन वर्षांनी काढलेली. रानातला माल घेणं थांबवलं कारण मुळासाठी अख्खा वेल उपटला जातो आणि मग तिथे काही उरत नाही. शेतकऱ्याला एकच विनंती असते, गड्ड्याचे डोळे असलेले तुकडे परत लावा.

सध्या शतावरी घृतावर, म्हणजे शतावरीत सिद्ध केलेल्या तुपावर, काम चाललंय. मुळांचा रस, दूध, तूप आणि कल्क म्हणजे औषधाचा वाटलेला गोळा, सगळं मंद आचेवर. आमच्या वैद्यांनी शिकवलेली परीक्षा अशी, कल्क बोटांत वळला तर त्याची वात व्हायला हवी, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतडता कामा नये, तडतडली म्हणजे पाणी अजून आत आहे. तेल फेस आला की सिद्ध होतं, तूप फेस शांत झाला की, हा फरक मला तिथेच कळला. पहिल्या दोन बॅचच्या वाती तडतडल्या, त्या आम्ही बाजूला काढल्या. परवा तिसऱ्या बॅचची वात आईने स्वतः वळली आणि विस्तवावर धरली, आवाज न करता जळली. आता ती टेस्टिंगला पाठवलीय, रिपोर्ट आला की लायसन्समध्ये हे प्रॉडक्ट वाढवायचा अर्ज टाकू.